तोटी उजवीकडे

मुलुंड,
ता. ८ जानेवारी १९५५

प्रिय सेराफिना,

सप्रेम नमस्कार. इसिडोर सोमवारी कारखान्यात जाताना तुझा तक्ता देऊन गेला. किटली झकास उतरली आहे. तक्ता भिंतीला लावून बघत होते तर बाबा म्हणाले, एवढी मोठी किटली आहे तर चहा कुठाय. तुझ्या भावाला मात्र सांग, दारात उभा राहून गुंडाळी हातात ठेवतो आणि पळतो. आई म्हणते, निदान पाणी तरी पिऊन जा.

सोबत पाठाचं टाचण क्रमांक चौदा पाठवते आहे. विषय वस्तुचित्र, किटली. या आठवड्यात माझाही पाठ किटलीचाच आहे, म्हणून एकच टाचण दोघींसाठी लिहिलं. तू तुझ्या अक्षरात उतरवून घे आणि माझा कागद चुलीत घाल. हेतू, प्रस्तावना, विषयविवेचन, फळ्यावरील काम, उजळणी, सगळं क्रमाने आहे. फळ्यावरील कामात मी स्पष्ट लिहिलं आहे की शिक्षिका किटली पायरीपायरीने काढून दाखवील, तोटी उजवीकडे, झाकण लांबट गोल. तेवढं केलंस की झालं.

तू पुन्हा लिहिलं आहेस की दुसऱ्याची टाचणं वहीत उतरवायची लाज वाटते. अगं, लाज वाटून घ्यायला आपल्याला सवड आहे का? गेल्या वर्षी वर्गावर तू आमच्या सगळ्यांपेक्षा सरस होतीस आणि टाचणांच्या वहीत नापास झालीस. संस्था शिक्षिकेच्या परीक्षेला दोनदाच बसू देते. या खेपेला पास झालीस तर जूनपासून मढच्या शाळेतली चित्रकलेची जागा तुझी, असा शब्द फादरांनी दिला आहे. नाही झालीस तर आईबरोबर टोपली घेऊन मालाडच्या बाजारात बसशील. मी बरोबर असताना ते होऊ देणार नाही. आपला ठराव सरळ आहे, शब्द माझे, रेघा तुझ्या. मला घरकामातून वेळ मिळाला असता तर तक्ते मीच काढले असते. संस्थेच्या सुहासिनीबाईंना तेवीस जणींच्या वह्या तपासायच्या आहेत, त्या कुठेकुठे बघणार?

पाठ कसा झाला ते कळव.

तुझी,
वसुधा


मढ,
ता. १४ जानेवारी १९५५

प्रिय वसुधा,

तिळगूळ इसिडोरकडे दे. नाही दिलास तर पुढचा तक्ता मिळणार नाही.

पाठ बुधवारी झाला. आईची किटली धुऊनपुसून नेली आणि टेबलावर ठेवली. तुझं टाचण शब्दन् शब्द पाठ केलं होतं. मुलांनो, सकाळी उठल्यावर आई चुलीवर काय ठेवते, असं विचारलं. तू लिहिलं होतंस की मुलं किटली म्हणतील. एकतीस मुलांतली अठ्ठावीस भाकरीचा तवा म्हणाली. दोघं मासळी म्हणाले. एक गप्प होता. मग मीच किटली म्हणाले आणि पुढे गेले.

फळ्यावर काढून दाखवली. मुलांनी काढली. आता गंमत ऐक. चौथीत जोसेफीन नावाची मुलगी आहे, मधल्या रांगेत पुढे बसते. तिने एक मोठा गोळा काढला. गोळ्याच्या पोटात मधोमध एक लहान वर्तुळ. वर सरळ उभी काठी. झाकण नाही, तोटी नाही. खाली बुडाच्या जागी एक आडवी रेघ. मला वाटलं वांगं काढलंय, आणि वांग्याला कीड लागलीय.

तिला विचारलं की तोटी कुठे आहे, तर तिने त्या वर्तुळावर बोट ठेवलं. मी फळ्याकडे बोट दाखवलं. ती फळ्याकडे बघते, किटलीकडे बघते, आणि पुन्हा आपल्या कागदावर बोट. रडली नाही, खोडलंही नाही. टाचणात चूक दुरुस्त करावी असं आहे म्हणून मी लाल पेन्सिलीने फुली मारली. मुलगी मठ्ठ नाही गं. गेल्या आठवड्यात तिने होडी काढली होती, एकही दोरी विसरली नव्हती.

तुला काय वाटतं? वर्तुळ का काढलं असेल?

सेराफिना


मुलुंड,
ता. १७ जानेवारी १९५५

प्रिय सेराफिना,

तुझं वांगं वाचून मी आणि आई पोट धरधरून हसलो. तिळगूळ पाठवला आहे, तेव्हा पुढचा तक्ता सोड.

वर्तुळावर मी दोन दिवस डोकं चालवलं. पहिला तर्क असा की तिच्या घरी किटलीच नसेल, आणि जी वस्तू ओळखीची नाही ती मूल मनाने रचतं. दुसरा तर्क, आधीच्या मास्तरांनी पोरांना सगळं गोलापासून काढायला शिकवलं असेल आणि तीच खोड राहिली. तिसरा म्हणजे ती हट्टी आहे. मला तिसरा जास्त पटतो. काही मुलं तशी असतात, आपलंच खरं करायचं. फुली मारलीस ते योग्य केलंस. अंतिम पाठाच्या वेळी तिला मागच्या रांगेत बसव, म्हणजे परीक्षकांची नजर तिच्या कागदावर पडणार नाही.

माझा पाठ फार छान झाला. बेचाळीसच्या बेचाळीस मुलींच्या किटल्या बरोबर आल्या. एकीचंही झाकण चुकलं नाही. नेमक्या त्याच तासाला सुहासिनीबाई आल्या. रांगांतून फिरल्या, पाच-सहा कागद उचलून बघितले आणि म्हणाल्या, सगळ्यांचं अगदी एकसारखं आलंय. मी संकोचून खाली बघितलं. बाई सहसा कुणाचं कौतुक करत नाहीत हे तुला ठाऊकच आहे. मुलींचे कागद मी गाठोडं बांधून कपाटात ठेवले आहेत, वर्षअखेरीच्या प्रदर्शनाला होतील.

पुढच्या आठवड्यासाठी पानाफुलांचा एक तक्ता लागेल. जास्वंद चालेल.

तुझी,
वसुधा


मढ,
ता. २१ जानेवारी १९५५

प्रिय वसुधा,

जोसेफीन हट्टी नाही. मी सांगते काय झालं.

तुझं पत्र आलं तेव्हा मी वर्गातच होते, शाळा सुटली होती. तुझे तीन तर्क वाचले आणि एकही पटेना. उद्या तिलाच विचारू म्हटलं. दुसऱ्या दिवशी किटली पुन्हा नेली, तशीच टेबलावर ठेवली आणि मधल्या सुट्टीत तिला थांबवलं. तिचा तो फुलीवाला कागद समोर धरून म्हटलं, मला समजावून सांग. ती काही समजावत बसली नाही. माझा पदर ओढला आणि म्हणाली, "बाय, तू हितं बस. मना हितशी तशीच दिसते."

बसले. तुला आमचा वर्ग माहीत नाही. बाकं नाहीत, मुलं गोणपाटावर बसतात, आणि टेबल माझ्या कमरेच्या वर येतं. तिच्या जागेवर मांडी घातली आणि वर बघितलं. किटलीची तोटी सरळ माझ्या नाकावर रोखलेली. तोटीची लांबी दिसतच नाही गं, फक्त तोंडाचं भोक दिसतं, पोटाच्या मधोमध, लहान वर्तुळ. वरची कडी कडेने दिसते, म्हणजे उभी काठी. झाकण वर आहे, खालून कुठून दिसणार? बूड टेबलाच्या कडेने कापलं जातं, म्हणून आडवी रेघ. तिने जे काढलं होतं ते सगळं तिथं होतं. जे तिथं नव्हतं ते तिने काढलं नव्हतं.

मी चित्रकलेच्या परीक्षा दिलेली बाई, पाच वर्षांची होते तेव्हापासून वाळूत मासे काढते. आणि मी तिला फुली मारली. कागदावर लिहिलं होतं म्हणून मारली. मला इतकं वाईट वाटलं की तिथंच बसून राहिले. तिला म्हटलं, माझी चूक झाली. ती म्हणाली, मग फुली पूस. लाल पेन्सिल पुसली जात नाही. तिला नवा कागद दिला.

मग मला नादच लागला. शाळा सुटल्यावर एकेका मुलाच्या जागेवर जाऊन बसले. एकतीस जागा, एकतीस किटल्या. दाराकडच्यांना तोटी डावीकडे दिसते. खिडकीकडच्यांना उजवीकडे. पण निम्म्या मुलांनी फळ्यावरची उतरवली होती, तीच सगळी आपण बरोबर धरली.

म्हणून विचारते, तुझ्या बेचाळीस मुलींपैकी किती जणींना तोटी डावीकडे दिसत होती? तू बघितलंस का?

अंतिम पाठ बारा फेब्रुवारीला ठरलाय. विषय वस्तुचित्रच आलाय. टाचण मी लिहावं म्हणते.

सेराफिना

ता. क. जास्वंद सोमवारी पोचेल.


मुलुंड,
ता. २५ जानेवारी १९५५

प्रिय सेराफिना,

पत्र पोचलं. आमच्याकडे बाकं आहेत, उजेड चांगला आहे, त्यामुळे तसा काही प्रश्न आला नाही. तुझ्या टेबलाची उंची मला मढला न येता कशी कळणार होती? माझ्या टाचणात काही चुकलं असं तुला म्हणायचं असेल तर स्पष्ट म्हण.

तू टाचण स्वतः लिहिणार म्हणतेस. तुझं भलं व्हावं म्हणून सांगते, नको लिहूस. एका मुलीच्या वर्तुळासाठी तू हाती आलेली नोकरी घालवते आहेस. परीक्षक टाचण हातात धरून बसतात आणि पायऱ्या मोजतात. पंचवीस गुण फळ्यावरच्या कामाला आहेत. सोबत अंतिम पाठाचं टाचण पाठवते आहे, सात पानं झाली आहेत, दोन संध्याकाळी त्यात गेल्या. तेच वापर.

वसुधा


मढ,
ता. २ फेब्रुवारी १९५५

प्रिय वसुधा,

तुझं टाचण परत पाठवते आहे. रागाने नाही. दोनदा वाचलं, फार सुंदर लिहिलं आहेस. पण वाचताना मला माझा वर्ग दिसेना.

चूक तुझी आहे असं मी म्हटलं नव्हतं. फुली माझ्या हाताने मारली. मी फक्त विचारलं होतं की किती जणींना डावीकडे दिसत होती. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

माझं टाचण दीड पानाचं झालंय. भीती वाटते. आईने नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू केलाय.

सेराफिना


मढ,
ता. १४ फेब्रुवारी १९५५

प्रिय वसुधा,

तू काही लिहिलं नाहीस, तरी तुलाच आधी सांगते.

सुहासिनीबाई आणि परीक्षक वेसाव्याहून होडीने आले. परीक्षक म्हातारे, काळी टोपी, धोतराचा सोगा चिखलात भिजलेला, त्यामुळे आधीच कातावलेले. मी टेबल बाहेर काढून ठेवलं होतं. वर्गाच्या मधोमध बुटक्या स्टुलावर किटली आणि भोवती मुलं गोल बसवली. किटलीबद्दल एक शब्द शिकवला नाही. नुसतं विचारत गेले, तुला काय दिसतं, तुला काय दिसतं. तोटी ज्यांना डावीकडे दिसते त्यांनी हात वर करा म्हटलं. समोरची मुलं ओरडायला लागली की खोटं बोलतात, उजवीकडे आहे. त्यांना उठवून जागा बदलायला लावल्या. मग सगळे आपापल्या जागी जाऊन काढायला बसले.

मी काहीच करत नाही हे बघून परीक्षकांचा धीर सुटला. त्यांनी विचारलं की फळ्यावरचं काम कुठे आहे. मी म्हटलं, "सर, मी काढलं तर माझ्या जागेवरून दिसतं ते निघेल. इथं कुणी बसलेलं नाही."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मला वाटलं, संपलं. मग ते उठले, एका मुलाच्या पाठीमागे गेले, त्याचा कागद बघितला, वाकले, आणि शेवटी धोतर सावरून गोणपाटावर बसले. तिथून उठून पुढच्याच्या मागे. असं करत अख्खं रिंगण फिरले. तास संपल्याची घंटा झाली तरी फिरतच होते. मी मुलांचे कागद बसल्या क्रमाने भिंतीवर लावले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत गेलं की किटली हळूहळू वळत जाते. परीक्षक तिकडे दोनदा चालत गेले.

नंतर बाईंनी व्हरांड्यात माझी वही मागितली. वीस टाचणं. त्यांनी एकोणिसावं वाचलं, विसावं वाचलं, पुन्हा मागे गेल्या. म्हणाल्या की ही दोन माणसं आहेत, तुम्ही यातल्या कोणत्या? मी म्हटलं, शेवटची. मग बाकीची कुणाची, असं त्यांनी विचारलं. मला मदत झाली, एवढंच सांगितलं. नाव विचारलं, ते सांगितलं नाही. तू काळजी करू नकोस.

निकाल राखून ठेवलाय. फादरांनी काल विचारलं, तेव्हा लागला की सांगते म्हटलं.

सेराफिना


मुलुंड,
ता. १९ फेब्रुवारी १९५५

प्रिय सेराफिना,

हे पत्र मी तीनदा फाडलं आहे. आता जसं येईल तसं लिहिते.

तुझं पत्र मंगळवारी आलं आणि त्याच दिवशी सुहासिनीबाई आमच्या शाळेत आल्या. तुझी वही आणि माझी वही शेजारी शेजारी ठेवली. दोन्हींत तीच वाक्यं, तेच अलंकार. त्यांनी विचारलं, मढच्या मुलीशी तुमचा काही पत्रव्यवहार आहे का? मी नाही म्हणाले. तोंडओळख आहे, एवढंच म्हणाले. तुझं पत्र तेव्हा माझ्या पिशवीत होतं. बाई बरं म्हणून उठल्या.

त्या गेल्यावर मी कपाटातलं गाठोडं सोडलं. तू विचारलेल्या प्रश्नाला मी महिनाभर बगल देत होते, कारण उत्तर मला ठाऊक होतं. बेचाळीस कागद जमिनीवर मांडले. बेचाळीस तोट्या उजवीकडे. मग किटली पुन्हा तशीच टेबलावर ठेवून एकेका बाकावर जाऊन बसले. अर्ध्याअधिक बाकांवरून तोटी डावीकडे दिसते. एकाही मुलीने किटलीकडे बघितलं नव्हतं. सगळ्या फळ्याकडे बघत होत्या. बाई एकसारखं आलंय म्हणाल्या तेव्हा त्या मला सावध करत होत्या, आणि मी लाजून उभी होते.

आणि फळ्यावर काय होतं, सेराफिना? तुझा तक्ता. मी तो रेघेला रेघ लावून उतरवला होता. आमच्या टेबलावरची किटली शाळेच्या गड्याची, पितळी, बुटकी, तिच्याकडे मीसुद्धा बघितलं नाही. माझ्या बेचाळीस मुलींनी मुलुंडात बसून तू मढला बघितलेली किटली काढली.

आता खरं ते लिहिते, हे आईलाही माहीत नाही. मला वेळ नव्हता म्हणून तू तक्ते काढत नव्हतीस. मला काढता येत नाही. समोर चित्र ठेवलं तर हुबेहूब उतरवते, चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला त्याच जोरावर पहिला वर्ग मिळवला. समोर वस्तू ठेवली की हात थिजतो, कुठून सुरुवात करावी कळत नाही. तुला वाचवते आहे असं मी स्वतःला सांगत होते, पण मी तुझ्याआड लपले होते.

गुरुवारी संस्थेत जाऊन बाईंना सगळं सांगितलं. नाही का म्हणालात, असं त्यांनी विचारलं, तर मी घाबरले म्हणून सांगितलं. त्यांनी निर्णय दिला तो असा. परीक्षकांनी तुझा अंतिम पाठ उत्तीर्ण केला आहे. पण तुझी एकोणीस टाचणं रद्द. तू घेतलेल्या त्याच पाठांवर, स्वतःच्या शब्दांत, एकतीस मार्चच्या आत पुन्हा लिहायची, नाहीतर प्रमाणपत्र नाही. तुला त्यांचं कार्ड येईलच. माझा अंतिम पाठ बारा मार्चला आहे. तक्ता चालणार नाही. वस्तू बाई आयत्या वेळी देणार आणि त्यांच्यासमोर मला ती काढावी लागणार. मी पास होईन असं मला वाटत नाही.

तू व्हरांड्यात माझं नाव घेतलं नाहीस, आणि मी तुझं नाव टाकून दिलं. क्षमा मागते. ती मिळावी असं मी काही केलेलं नाही, हेही कळतं.

वसुधा


मढ,
ता. ३ मार्च १९५५

वसुधा,

तू नाही म्हणालीस तिथपर्यंत वाचलं आणि पत्र घडी करून ठेवलं. पुढचं आठ दिवसांनी वाचलं. तोंडओळख हा शब्द फार लागला. परत जाऊन सांगितलंस हेही वाचलं. दोन्ही वसुधा एकच आहेत हे डोक्यात बसवायला मला वेळ लागतोय.

अकरा टाचणं लिहून झाली. पहिल्याला सात दिवस लागले, शेवटच्याला एक तास. वर्गात काय झालं ते आठवायचं आणि तसंच लिहायचं, एवढंच करते. तव्याचं उत्तरसुद्धा लिहिलं. बाईंनी अकराही मान्य करून ठेवून घेतली. आठ राहिली आहेत, ती होतील. फादरांना मी जूनपासून येते म्हणून सांगितलं, पण इतक्या जोरात सांगितलं की ते हसायला लागले.

तुला काढता येत नाही हे मला गेल्या वर्षापासून माहीत होतं. तुझ्या वहीत खोडलेली एकही रेघ नसते. बघून काढणाऱ्याची वही अशी स्वच्छ नसते. तू कधी विचारलं नाहीस म्हणून मी बोलले नाही. तेव्हाच बोलायला हवं होतं, ती चूक माझी.

रविवारी सहा तारखेला ये. वेसाव्याहून पहिली होडी सकाळी साडेसातला सुटते, इसिडोर धक्क्यावर उभा राहील, या वेळी पळणार नाही. मी चर्चमधली मिस्सा आटोपून नऊला मोकळी होते. शाळेची किल्ली फादरांकडून घेतली आहे. घरात असेल ती वस्तू समोर ठेवीन आणि दिवसभर शेजारी बसेन. एक रेघ काढून देणार नाही. जेवण आई करील. पुढचे पाच दिवस घरी बसून काढ, आणि बारा तारखेला पाठाला जा.

माझा राग अजून गेलेला नाही. तरी ये.

सेराफिना